मेमरी कार्ड सारखं करप्ट होतंय, गेम अडकतोय? तपासायला सुरुवात इथून करा

लक्षणं

यातलं काही तुमच्या मोबाईलमध्ये, टॅबमध्ये किंवा हातातल्या गेमिंग कन्सोलमध्ये परत परत होत असेल तर पुढचं वाचा.

- कार्ड टाकलं की ‘अनसपोर्टेड एसडी कार्ड’ किंवा ‘फॉरमॅट करा’ असा मेसेज येतो.
- वापरता वापरता ‘कार्ड काढलं गेलं’ असं दाखवतं. फोन जरा हलवला, ट्रे दाबला की कार्ड परत दिसतं.
- फाईलचं नाव दिसतं, साईज दिसते, पण उघडत नाही. आधीचे फोटो चांगले, नंतरचे करडे किंवा अर्धे.
- फोटो डिलीट केले, फोन बंद करून चालू केला, तर सगळे परत जागेवर.
- गेम लोडिंगवर अडकतो, नाहीतर चालता चालता थबकतो. फोनच्या आतल्या मेमरीत टाकला की तोच गेम नीट चालतो.
- १२८ जीबीचं कार्ड टाकूनही ‘स्टोरेज फुल’ जात नाही.
- मोबाईलला कार्ड दिसतं, पण ट्रॅक्टरचा टेप किंवा ब्लूटूथ स्पीकर त्याला घेत नाही.

मी लातूरला ट्यूशन एरियाच्या कडेला मोबाईल दुरुस्तीचं काउंटर चालवतो. नीट-जेईईसाठी आलेली पोरंपोरी, औसा-रेणापूरकडचे शेतकरी, लग्नाचं शूटिंग करणारे, सप्त्यातली कीर्तनं रेकॉर्ड करून गावात वाटणारे, सगळ्यांचं एकच म्हणणं असतं: “दादा, मेमरी घेईना बघा.” हाच बिघाड इतकी वर्षं उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. कार्ड मेलेलं असणं ही शेवटची शंका घ्यायची. त्याआधी तीन कारणं येतात. एक तर कार्ड नीट टेकत नाही, किंवा ते बनावट आहे, किंवा कार्ड अगदी चांगलं आहे पण तुम्ही त्याला जे काम लावलंय त्या कामाचं नाही. काउंटरवर हे तिसरं कारणच सगळ्यात जास्त निघतं, आणि नवीन कार्ड घेऊन ते सुटत नाही, कारण माणूस परत तसलंच कार्ड घेतो.

काहीही करण्याआधी: फॉरमॅट दाबू नका

फॉरमॅट म्हणजे कार्डावरचं सगळं पुसून ते नव्यानं तयार करणं. स्क्रीनवर ‘फॉरमॅट’ दिसलं की बोट आपोआप तिथं जातं. ते थांबवा. हा मेसेज म्हणजे ‘कार्ड खराब आहे’ असा निकाल नाही. ‘या यंत्राला हे कार्ड वाचता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ आहे. कार्ड शंभर टक्के ठीक असूनही हा मेसेज येतो, अशी तीन उदाहरणं माझ्याकडं नेहमी येतात.

स्टीम डेक हे हातातलं गेमिंग कन्सोल कार्डाला लिनक्सच्या (विंडोजसारखीच एक वेगळी सिस्टीम) ईएक्सटी४ पद्धतीनं फॉरमॅट करतं. ते कार्ड विंडोज कॉम्प्युटरला लावलं की विंडोज लगेच फॉरमॅट करायचं म्हणतं. जुन्या गेम्सची जी स्वस्त कन्सोल ऑनलाईन मिळतात, त्यातल्या बऱ्याच लिनक्सवर चालतात. त्यांच्या कार्डावर तीन-चार भाग असतात, आणि विंडोज त्यातल्या न समजणाऱ्या प्रत्येक भागासाठी वेगळं विचारतं. एकदा ‘हो’ म्हटलं की कन्सोल चालूच होत नाही. तिसरं उदाहरण अँड्रॉईडचं. अँड्रॉईड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, काही फोनमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडता येतं. असं जोडलेलं कार्ड एन्क्रिप्ट होतं, म्हणजे त्याला कुलूप लागतं, आणि फक्त त्याच फोनमध्ये वाचता येतं. ते दुसऱ्या फोनात टाकून ‘कार्ड गेलं’ म्हणून फॉरमॅट मारला, तर पहिल्या फोननं त्यावर ठेवलेला डेटाही जातो. आणि तो फोन रीसेट केला तर कार्डाची किल्लीच नाहीशी होते.

म्हणून कार्ड ज्या यंत्रात चालत होतं, त्यातच ते आधी बघा. तिथं दिसलं तर सगळ्यात आधी कामाचं कॉपी करून घ्या, मग तपासणी.

१. बंद करा, काढा, परत बसवा

पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचं काम. फोन पूर्ण बंद करून ट्रे बाहेर काढा, कार्ड ट्रेच्या खाचेत सपाट बसलंय का ते बघा आणि ट्रे सरळ आत घाला. चालू फोनमधून कार्ड ओढू नका. काढायचंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘अनमाउंट’ किंवा ‘इजेक्ट’ करा. कारण असं की कार्डावर फाईल लिहिताना दोन कामं होतात: आतला मजकूर लिहिला जातो, आणि तो कुठं ठेवलाय याची नोंद वेगळ्या तक्त्यात होते. मधेच कार्ड ओढलं, बॅटरी संपली किंवा लाईट गेली, तर मजकूर एकीकडं आणि नोंद अर्धवट. सारखं ‘करप्ट’ होणाऱ्या कार्डांमागं बहुतेक वेळा हेच असतं. लोडशेडिंगच्या टायमाला टीव्ही बॉक्स आणि कॅमेऱ्यातली कार्डं जास्त येतात ती यामुळंच.

हायब्रिड ट्रे असेल तर एकाच खाचेत दुसरं सिम किंवा कार्ड, यातलं एकच बसतं. दोन्ही हवं म्हणून सिमची चिप सोलून कार्डावर चिकटवायचा जुगाड काही जण करून देतात. त्यानं जाडी वाढते, स्लॉटच्या बारीक पिना दबतात, आणि नंतर कुठलंच कार्ड नीट टेकत नाही. मी हे काम घेत नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नका.

२. दुसऱ्या यंत्रात टाकून बघा

सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात जास्त सांगून जाते. इथंच ठरतं की दोष कार्डात आहे की फोनमध्ये. तुमचं कार्ड दुसऱ्या फोनात टाका, आणि दुसऱ्याचं चांगलं कार्ड तुमच्या फोनात. दोन्ही बाजूनं बघायचं, एका बाजूनं बघून निकाल द्यायचा नाही. तुमचं कार्ड तिकडं चाललं आणि तिकडचं इकडं चाललं नाही, तर नवीन कार्डावर एक रुपयाही घालू नका. तुमच्या फोनचा स्लॉट गेलाय.

कॉम्प्युटरला मोठ्या अडॅप्टरमधून लावत असाल तर अडॅप्टरच्या डाव्या कडेचा छोटा खटका बघा. तो ‘लॉक’कडं सरकला असेल तर कार्डावर काही लिहिता येत नाही, डिलीट होत नाही, फॉरमॅटही होत नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्यांची कार्डं यामुळं ‘खराब’ म्हणून आलेली आहेत. अडॅप्टरही झिजतो, तेव्हा यूएसबीचा साधा कार्ड रीडर जवळ ठेवा.

३. पट्ट्या पुसा

मायक्रो एसडी कार्ड उलटं केलं की आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. भिंगाखाली धरा. चांगल्या कार्डाच्या पट्टीवर पिनेनं पडलेली बारीक सरळ रेघ असते, बाकी पट्टी चकचकीत. त्रास देणाऱ्या कार्डावर त्या रेघेच्या शेवटी काळपट ठिपका असतो, आणि पट्ट्यांच्या मधे पिवळसर भुकटी. दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या मळणीचा सीझन चालू झाला की अशी कार्डं हमखास येतात. मळणी यंत्राजवळ फोन शर्टाच्या खिशात असतो, वर घाम. भुसा ट्रेच्या फटीतून आत जातो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर दोन थेंब घ्या, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनं हलकेच पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. अल्कोहोल नसेल तर पेन्सिलचा मऊ पांढरा खोडरबर एकदा-दोनदा हलका फिरवा आणि त्याचा भुगा नीट झाडा. पॉलिश पेपर, ब्लेड, थुंकी, ओला रुमाल यातलं काही नको. सोन्याचा थर फार पातळ असतो, तो खरवडला की खालचं तांबं काळं पडतं आणि त्रास कायमचा होतो.

उन्हाचा प्रश्न बरेच जण विचारतात. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या वर जातो, मग कार्ड उन्हानं जातं का? चांगल्या कंपन्यांची कार्डं ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. तेवढ्यानं कार्ड मरत नाही, त्याआधी फोनच तापून मंद होतो. उन्हाळ्यात गेम अडकत असेल तर आधी फोन गार होऊ द्या, मग कार्डाकडं वळा.

४. कार्डावरची अक्षरं आणि यंत्राची मर्यादा जुळवून बघा

कार्डावर एसडीएचसी लिहिलंय की एसडीएक्ससी, ते वाचा. एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, ते एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतं. एसडीएक्ससी म्हणजे ३२ च्या वर २ टीबीपर्यंतचं, त्याची पद्धत एक्सफॅट. जुना फोन, ट्रॅक्टरचा टेप, भजनी मंडळाचा स्पीकर, स्वस्त एमपी३ प्लेयर यांना बहुधा एफएटी३२ च कळतं. ६४ जीबीचं कार्ड त्यांना दिसत नाही, आणि त्यात कार्डाचा काही दोष नाही. अशा कामाला सरळ ३२ किंवा १६ जीबीचं कार्ड घ्या. मोठ्या कार्डाला जबरदस्तीनं एफएटी३२ करण्याचे सॉफ्टवेअर मिळतात, पण दरवेळी कुणाच्या तरी दुकानात यावं लागतं, त्यापेक्षा छोटं कार्ड बरं.

उलट अडचणही येते. एफएटी३२ कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल मावत नाही. कार्डात २० जीबी मोकळे असूनही मोठा लेक्चर किंवा लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नसेल तर कारण हे आहे.

फोनच्या माहितीत ‘२५६ जीबीपर्यंत’ किंवा ‘१ टीबीपर्यंत’ अशी मर्यादा दिलेली असते, ती बघूनच कार्ड घ्या. आणि ६४ चं कार्ड फोनमध्ये ५९.६ जीबी किंवा १२८ चं ११९ जीबी दिसलं तर दुकानदारानं फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, यंत्र १०२४ च्या हिशेबानं. फरक तेवढाच.

५. गेम नक्की कुठं बसलाय ते बघा

कॉलेजची पोरं सगळ्यात जास्त इथं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

३२ जीबीचा फोन, त्यात व्हॉट्सॲप, रील्स आणि एखादा मोठा बॅटल गेम. जागा संपते. पोरगं १२८ जीबीचं कार्ड घेतं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं: “दादा, गेम कार्डात जाईना.” कार्ड उत्तम असतं. अँड्रॉईडवर गेम कार्डात हलवता येईल की नाही हे गेम बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. ‘मूव्ह टू एसडी कार्ड’ हे बटणच नसेल तर तुम्ही काहीही केलं तरी तो जात नाही. बटण असलं तरी गेमचा खरा बोजा, म्हणजे नकाशे, आवाज, ग्राफिक्सच्या कित्येक जीबीच्या फाईली, बहुधा फोनच्या आतच राहतात. आणि अँड्रॉईड ११ पासून तर फाईल मॅनेजरनं ते फोल्डर उघडून हलवायची वाटही गूगलनं जवळपास बंद केलीय.

मग कार्डाचा उपयोग काय? फोटो, व्हिडिओ, लेक्चर, गाणी, व्हॉट्सॲपचा जुना पसारा कार्डात हलवा, आतली जागा गेमला मोकळी करा. गेमसाठी जागा हवी असेल तर हाच रस्ता. अशा वापराला महागडं कार्ड लागतही नाही.

राहिला ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून कार्ड जोडायचा पर्याय. सॅमसंगसह बऱ्याच कंपन्यांनी तो दिलेलाच नाही. ज्यात आहे, त्यात कार्ड जोडताना अँड्रॉईड त्याचा वेग तपासतं आणि मंद असेल तर तसा इशारा देतं. तो इशारा आला की मागं फिरा. पुढं गेलात तर पूर्ण फोन मंद होईल आणि तुम्ही दोष रॅमला देत बसाल. फोन पडला, कार्ड सैल झालं, तर ॲपसुद्धा गायब होतात. गेमसाठी हा पर्याय मी कुणाला सुचवत नाही.

आता ज्या यंत्रांत गेम खरोखर कार्डावरून चालतात त्यांच्याकडं येऊ. तिथं वेग बघावाच लागतो, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग फारसा कामाचा नसतो. ‘२०० एमबी’ असं लिहिलेलं असतं ते वाचण्याचं आहे, तेही कंपनीच्या खास रीडरवर. फोन आणि कन्सोलचे स्लॉट बहुतेक यूएचएस-१ प्रकारचे असतात, त्यांची वरची हद्दच सेकंदाला १०४ एमबी. त्यापुढचे पैसे वाया.

बघायची ती बारीक चिन्हं. सी१० किंवा यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३० एमबी. ही हमी सलग लिहिण्याची आहे, म्हणजे व्हिडिओसाठी. गेम आणि ॲप सलग वाचत नाहीत. ते एका क्षणी शेकडो छोट्या फाईली इकडून तिकडून उचलतात. त्यासाठी ए१ आणि ए२ ही वेगळी चिन्हं आहेत. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. सलग वेगात तगडं पण ए-चिन्ह नसलेलं कार्ड गेममध्ये अडखळू शकतं, ते यामुळं. ए२ ची पूर्ण ताकद यंत्रानंही तशी सोय दिली असेल तरच मिळते. नाहीतर ते ए१ सारखंच चालतं. भावात फार फरक असेल तर खुशाल ए१ घ्या.

६. कार्ड खरं आहे का, ते भरून बघा

वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. आणि नवीन कार्ड असेल तर ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला सांगतो, परत करायची मुदत संपायच्या आत.

बनावट कार्डात छोटी चिप असते आणि तिच्या कंट्रोलरला, म्हणजे चिपचा कारभार बघणाऱ्या भागाला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. चिप १६ ची, फोनला सांगते २५६. सुरुवातीचे १४-१५ जीबी अगदी नीट भरतात. त्यानंतर येणारा मजकूर एकतर टाकून दिला जातो किंवा जुन्यावरच लिहिला जातो. फाईलचं नाव आणि साईज मात्र तक्त्यात बरोबर दिसते. म्हणूनच ‘आधीचं उघडतं, नंतरचं उघडत नाही’ हे लक्षण दिसलं की मी आधी बनावटचीच शंका घेतो. एका पोरीनं अख्ख्या वर्षाचे बायोलॉजीचे लेक्चर असल्या कार्डात भरले होते. यादीत सगळे दिसत होते, पहिल्या काही धड्यांपुढचा एकही चालत नव्हता, आणि ते परत मिळण्यासारखंही काही नव्हतं, कारण चिपवर ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. आधी कार्ड मोकळं करा, मग सगळी जागा भरून वाचायला लावा. शेवटी ते सरळ सांगतं की किती जीबी खरे आणि किती हरवले. साध्या यूएसबी २.० रीडरवर ६४ जीबीला दीड-दोन तास धरून चाला. कॉम्प्युटर नसेल तर मोठे व्हिडिओ टाकत टाकत कार्ड पूर्ण भरा, फोन बंद करून कार्ड काढा, परत घाला, आणि शेवटी टाकलेले व्हिडिओ मधे-मधे आणि अखेरपर्यंत चालवून बघा. थोड्याच फाईली टाकून ‘चालतंय की’ म्हणणं उपयोगाचं नाही, कारण बनावट कार्ड तेवढ्यात पास होतं.

कार्ड बनावट निघालं तर त्याला फॉरमॅट करून वापरायच्या भानगडीत पडू नका. बिल आणि पाकीट घेऊन दुकानदाराकडं जा. ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, ऑनलाईन खरेदीची तक्रारही तिथं घेतात. आठवडी बाजारात, जत्रेतल्या पालावर, उघड्या डब्यातलं सुटं १ टीबीचं कार्ड काही शे रुपयांत मिळत असेल तर ते खरं असूच शकत नाही. घेणाऱ्याच्या कष्टाचे पैसे जातात, आणि बहुतेक वेळा घेणारा तो असतो ज्याला दुसऱ्यांदा घेणं परवडत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

७. चेकडिस्क आणि खरा फॉरमॅट

कार्ड खरं आहे, पट्ट्या स्वच्छ आहेत, दुसऱ्या यंत्रातही तोच त्रास आहे. आता नोंदींचा तक्ता दुरुस्त करायचा, विंडोजमधल्या चेकडिस्क या सोयीनं. त्याआधी जेवढं उघडतंय तेवढं कॉपी करून घ्या, कारण चेकडिस्क तक्ता बदलतं, आणि तो बदल परत फिरवता येत नाही.

विंडोजमध्ये कार्डाच्या ड्राईव्हवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. नंतर कार्डावर ‘फाउंड’ नावाचं फोल्डर दिसलं तर उडवू नका. त्यात मालक न सापडलेले तुकडे असतात, कधी कधी त्यातच हवा तो फोटो निघतो.

फाईली डिलीट झाल्या असतील तर त्या क्षणापासून कार्डावर काहीही नवीन लिहू नका, एक फोटोसुद्धा नाही. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर तक्ता न बघता थेट चिपवरचा मजकूर वाचून फाईली उचलतं. नावं परत मिळत नाहीत, फोटो मिळतात. सापडलेलं मात्र कॉम्प्युटरवर उतरवा, त्याच कार्डावर कधीच नाही.

सगळं सुखरूप काढून झालं की एसडी असोसिएशनचं ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ वापरून फॉरमॅट करा. ते कार्डाच्या आतल्या रचनेला धरून फॉरमॅट करतं. पण ते जुना मजकूर खरोखर पुसूही शकतं, म्हणून त्यानंतर फाईली परत मिळण्याची आशा धरू नका. फॉरमॅटनंतर कार्ड महिनाभर नीट चाललं तर दोष नोंदीत होता. आठवड्यात परत करप्ट झालं तर पुढचं वाचा.

८. कार्ड थकलंय

डिलीट केलेले फोटो परत येतात, फॉरमॅट ‘झाला’ म्हणतो आणि सगळं जसंच्या तसं, असं असेल तर कार्डाचं आयुष्य संपलंय. फ्लॅश चिपवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. ती संपत आली की काही कंट्रोलर लिहिणं बंद करून कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवतात. ही कार्डानं दिलेली शेवटची संधी आहे. आजच्या आज सगळं कॉपी करा आणि कार्ड बदला. कुठलंही सॉफ्टवेअर त्याला परत लिहितं करत नाही. तसा दावा करून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

विहिरीवर, शेततळ्यावर मोटार आणि केबल चोरीला जाऊ नये म्हणून सोलरचे सिमवाले कॅमेरे आता खूप लागलेत. त्यात साधं कार्ड टाकतात आणि वर्षात ते असं थकतं, कारण कॅमेरा दिवसरात्र जुन्यावर नवीन लिहीत राहतो. तिथं पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच कार्ड घ्या. वेग कमी असला तरी चालेल, लिहिण्याची सोसणूक जास्त हवी.

नवीन घ्यायचंच असेल तर

साधा मोबाईल, फोटो आणि लेक्चर: ६४ किंवा १२८ जीबी, यू१, ए१. यापुढं जाऊ नका. ४के व्हिडिओ काढत असाल तर यू३ किंवा व्ही३०.

पहिल्या पिढीचा निन्टेन्डो स्विच (हातातलं गेमिंग कन्सोल): यूएचएस-१ कार्ड, कंपनी वाचनाचा वेग ६० ते ९५ एमबी असावा असं सांगते. १२८ किंवा २५६ जीबी पुरतात. स्टीम डेकलाही यूएचएस-१ च, ए१ किंवा ए२, फॉरमॅट डेकमध्येच करा.

जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ मात्र वेगळा आहे. त्यात गेम ठेवायला मायक्रो एसडी एक्स्प्रेस हे नव्या, जास्त वेगवान प्रकारचं कार्डच लागतं. जुनं कार्ड घातलं तर त्यावरचे जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ उतरवून घेता येतात, गेम चालत नाही. ‘जुनं कार्ड स्विच २ घेईना’ म्हणून येणाऱ्यांचं कार्ड ठीक असतं. आणि उलट, एक्स्प्रेस कार्ड मोबाईलमध्ये टाकलं तर चालतं, पण साध्या वेगानंच. मोबाईलसाठी ते घेऊ नका.

जुन्या गेम्सच्या स्वस्त कन्सोलमध्ये कंपनीनं दिलेलं बिननावाचं कार्ड हा सगळ्यात कच्चा भाग. कन्सोल हातात आली की त्या कार्डाची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या भागांसकट जशीच्या तशी नक्कल, कॉम्प्युटरवर घेऊन ती चांगल्या कार्डावर उतरवा, मगच खेळायला द्या. नुसत्या फाईली कॉपी करून चालत नाही, कारण कन्सोल चालू करणारी सिस्टीमही त्याच कार्डावर असते.

यूएचएस-२ चं कार्ड, म्हणजे मागे पट्ट्यांची दुसरी ओळ असलेलं, मोबाईलसाठी घेऊ नका. मोबाईलच्या स्लॉटला ती दुसरी ओळ वापरताच येत नाही.

इथं थांबा आणि जाणकाराकडं जा

कार्ड घातलं की फोन किंवा कार्ड तापत असेल तर लगेच काढा. आत शॉर्ट असू शकतो. “परत एकदा बघू” म्हणून घातलेलं कार्ड कधी कधी फोनचा बोर्डही घेऊन जातं.

कार्ड किंवा ट्रे स्लॉटमध्ये अडकला असेल तर सुई, चिमटा, चाकू घालू नका. स्लॉटच्या पिना केसासारख्या असतात. एक वाकली तर स्लॉट बदलावा लागतो, आणि ते मायक्रोस्कोपखालचं सोल्डरिंग आहे.

कार्ड कुठल्याच रीडरला दिसत नाही किंवा शून्य बाइट दाखवतं, आणि त्यात परत न मिळणारं काही आहे, लग्नाचं शूटिंग, गेलेल्या माणसाचा आवाज, तर घरी एकही प्रयोग करू नका, आणि साध्या मोबाईल दुकानातही नको. माझ्या काउंटरवरही नको. मायक्रो एसडीची सगळी चिप एकाच तुकड्यात ओतलेली असते. तिच्यातून डेटा काढायला वरचा थर घासून आतल्या बारीक जोडांना तारा लावाव्या लागतात. हे डेटा रिकव्हरीच्या लॅबचं काम आहे, अशा लॅब पुण्या-मुंबईत आहेत. खर्च हजारांत जातो, तेव्हा आधी तपासणीची फी आणि ‘डेटा न मिळाल्यास किती’ हे लेखी विचारा. कार्डावर वॉरंटी असते, पण ती कार्ड बदलून देण्याची. आतल्या डेटाची जबाबदारी कंपनी घेत नाही.

कार्ड मोडलंय किंवा कडेला चीर गेलीय, तर टेप लावून घालू नका. कोरड्या कागदात गुंडाळून डबीत ठेवा आणि तसंच घेऊन जा.

कुणाकडंही जाताना कार्डाबरोबर ते ज्या फोनमध्ये किंवा कन्सोलमध्ये चालत होतं तेही न्या. कुठला मेसेज आला त्याचा फोटो काढून ठेवा. चेकडिस्क केलं का, फॉरमॅट दाबला का, कुणी आधी काही सॉफ्टवेअर चालवलं का, ते खरं खरं सांगा, कारण पुढं काय करायचं ते त्यावरच ठरतं. आणि दुकानात पोचेपर्यंत ते कार्ड कुठल्याच यंत्रात घालू नका.